रुखमाबाईंच्या पायावरची रेघ

मित्रांनो, मला जुना म्हणावं तर माझी शाई अजून निम्मीही संपलेली नाही. तरी मी जुनाच. भादव्यापासून मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी एक निळा बॉलपेन आहे.

नांदुऱ्यातल्या डॉक्टर गजेंद्र यांच्या खिशात माझे उमेदीचे दिवस गेले. माझं अक्षर कुणाला लागत नसे, पण माझा कागद लोक चार घड्या घालून जपत. मला त्याचा अभिमान होता.

एके दिवशी वडनेरच्या रुखमाबाई आल्या. निंदताना पायात काटा गेला होता. साखरेचा आजार जुना. पोटरी लालभडक सुजली होती. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं.

“काकू, पाय तापलाय. कातडीत जंतू शिरलेत. आजच भरती व्हा.”

“भरती? मंग उद्या महालक्ष्म्या काय तुम्ही बसवता, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टरांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि लालीच्या कडेकडेने माझ्या टोकाने पायावर रेघ ओढली.

“लाली हिच्या बाहेर गेली, तर त्याच पावली यायचं. आंघोळीनं रेघ पुसट होईल. तिच्यावरूनच गिरवा.”

आणि मला रुखमाबाईंच्या हाती दिलं.

सणासाठी लेक पूनम पुण्याहून आली होती. ती रोज संध्याकाळी लुगड्याचा काठ वर करायला लावी.

“दुखते का व, माय?”

“नाई व. पाह्य, रेघेच्या आतच हाये. आता पुरन वाटू दे मले.”

पूनम रेघ पाही आणि निश्चिंत होई.

मित्रांनो, खरं मला ठाऊक होतं. सकाळी न्हाणीत रुखमाबाई खोबरेल तेलाने जुनी रेघ पुसत आणि दोन बोटं वर नवी ओढत. माझ्याच टोकाने. “एवढ्या महालक्ष्म्या जेवू दे,” त्या पुटपुटत, “मंग जाईन.”

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्यांचं ताट झालं. तिसऱ्या सकाळी रुखमाबाईंना हुडहुडी भरली आणि शुद्ध हरपू लागली. पूनमने त्यांना ऑटोत घालून नांदुऱ्याला आणलं. डॉक्टर पायाकडे पाहतच राहिले.

“ही रेघ माझी नाही. मी गुडघ्याच्या पुष्कळ खाली ओढली होती.”

त्यांनी पूनमकडे पाहिलं. रुखमाबाईंनीच कसंबसं तोंड उघडलं.

“तिले बोलू नका, साहेब. तिनं रोज पाह्यलं.”

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

पूनम मला फेकत नाही आणि मला लिहायलाही घेत नाही. मी तिच्या कपाटात गोळ्यांच्या अर्ध्या पाकिटाशेजारी पडून आहे. आईचं दिवसकार्य झाल्यावर ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, “मी रेघ पाहत होते. पायाला एकदाही हात लावला नाही.”

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. तुमची आई ‘बरं आहे’ म्हणेल तेव्हा तिच्याजवळ बसा. तिचं दुखणं हाताने चाचपून पाहा. चटका बसला, तर घरात कोणताही सण असो, तिला उचलून न्या. ती रागावेल. रागावू द्या.