माझी तीन भोकं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे आणि मी भयंकर चिडलोय. दरवाजे चिडत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने तर ऐकावंच!

सुताराने मला घडवून एका लहानशा घराच्या मागच्या खोलीला बसवलं. त्या घरातली ताई रुसली की मला धाडकन आपटायची. मग तिचा भाऊ, दादा, म्हणायचा, "अगं, त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

पुढे असं सरकार आलं, की साधी पत्रकं वाटणंही गुन्हा झाला. दादा ती वाटायचा. एका दुपारी शिपाई आले. दादाने मला आतून पाठ लावून धरलं. बाहेरून तीन गोळ्या सुटल्या, माझ्यातून आरपार. त्याला ओढत नेलं. तो परत आलाच नाही. आणि सरकारी कागदावर काय लिहिलं, माहितेय? 'मुलगा स्वतःहून घर सोडून गेला. त्या घरी कोणीही गेले नव्हते.' म्हणजे मी काय झोपलो होतो?

आईने माझी भोकं कधी बुजवू दिली नाहीत. थंडीत वारा घुसायचा, तरी नाही. तेवढीच साक्ष उरली होती.

यंदा एका कलाकारबाईंनी अशा सोळा घरांतल्या वस्तू जमवल्या. मोडकी खुर्ची, फुटका आरसा, रिकामा पाळणा. त्यांचं एका सभागृहात एकच घर रचलं. याला मांडणशिल्प म्हणतात. त्या घरात लोक माझ्यातून शिरणार होते. केस पिकलेल्या ताईने मला स्वतः बिजागऱ्यांसकट आणून दिलं.

आणि उद्घाटनाच्या सकाळी व्यवस्थापकाने पॉलिशवाल्याला बोलावलं! "मंत्रीसाहेब येतायत. ही भोकंबिकं बुजवून चकाचक करा." त्याने भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंग जुळवला. माझं मलाच भोक सापडेना. जो तो म्हणाला, "वा, अगदी नवा!" जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि मला त्याची किळस आली.

ताई आली. माझ्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुठे गेली?"

"काय, ताई?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"माझ्या भावावर झाडलेल्या गोळ्यांची भोकं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आईशप्पथ, मला वाटलं खिळ्यांची आहेत. कुणी सांगितलंच नाही."

व्यवस्थापक धावला. "अहो बाई, दरवाजा किती छान दिसतोय!"

"छान दिसायला आणलाच नव्हता तो!" ताई कडाडली.

पॉलिशवाल्याने पिशवीतून पटाशी काढून तिच्या हातात दिली. "वरून सुकलीय, आत ओलीच आहे. टोक घालून फिरवा. मी धरतो."

"पुन्हा तुला इथे काम नाही!" व्यवस्थापक म्हणाला.

"नका देऊ."

एक. दोन. तीन. पलीकडचा उजेड माझ्यातून आरपार आला. मंत्रीसाहेब आत शिरले, तेव्हा लांबीचा भुगा त्यांच्या बुटांखाली चरचरला. कुणीही तो झाडला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. धूळ पुसा, वाळवी लागू देऊ नका, बिजागऱ्यांना तेल घाला. पण काहीही दुरुस्त करण्याआधी घरच्यांना विचारा, हे कुणी मोडलं? आणि उत्तर द्यायच्या वेळी कुणी छताकडे बघू लागलं ना, तर पॉलिशचा डबा मुळीच उघडू नका!