भोपळ्याची गाठ

सूर्य डोंगराआड होता, पण अरण्य केव्हाच जागं झालं होतं. हरितश्यामल अरण्य, जलभारनम्र अरण्य, शैवालवेष्टित अरण्य. सीडरचे आणि स्प्रूसचे उत्तुंग वृक्ष धुक्यात डोकी खुपसून उभे होते. त्यांच्या फांद्याफांद्यांवरून शेवाळाच्या जटा लोंबत होत्या, आणि जटाजटांतून थेंब ठिबकत होते. आभाळाचा पाऊस पहाटेच थांबला होता. झाडांचा पाऊस अजून चालू होता.

त्या हिरव्या गाभाऱ्याच्या मध्यात सरोवर. नील, निवांत, निस्तरंग. तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकं नितळ. काठावर नेच्यांच्या दाटीत तंबू उभारलेले होते, आणि त्यातला निळा तंबू साताऱ्याकडच्या माणसांचा होता.

अमेरिकेच्या वायव्य टोकावरचं हे रान. लेक केतकी इथल्याच एका शहरात नोकरीला. आईबाप भेटायला आले, म्हणून तिनं त्यांना मुक्कामाला इथं आणलेलं. बाप मुरलीधर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. टपावरचं सामान बांधण्यात उमर गेली. त्याची गाठ महाबळेश्वरच्या घाटातसुद्धा कधी सुटली नाही, असं तो स्वतःच सांगत असे. तंबूच्या दोऱ्याही त्यानंच बांधल्या होत्या, आणि वादळ आलं असतं तर रान उडालं असतं, तंबू उडाला नसता.

आई द्वारका मात्र आल्यापासून पाण्याकडे बघत होती.

काठापासून लांब, खोल पाण्यावर, एक लाकडी तराफा नांगरून ठेवलेला होता. लोक पोहत जात, त्यावर चढत, ऊन खात आणि परत येत. द्वारका चहाचा पेला हातात घेऊन ओंडक्यावर बसे आणि चहा निवेपर्यंत त्या तराफ्याकडे बघत राही. तेवढ्यात काठावरच्या फांदीवरून एक खंड्या पाण्यात सूर मारी, आणि तिच्या छातीत काहीतरी लखकन हले.

खंड्या तर तिच्या माहेरच्या विहिरीवरही होता. काळ्या दगडाची, गोड्या पाण्याची, उंबराच्या सावलीतली विहीर. उन्हाळ्यात गावची पोरं तिथंच पोहायला शिकत. पाठीला सुकलेला भोपळा बांधायचा, आत उडी टाकायची, भोपळा तारतो. द्वारकाच्या पाठीला तो तिच्या वडिलांनी, नानांनी, बांधला होता. गावाची रीत अशी, की ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची. भर पाण्यात सोडायची. आणि सुटल्यावर पोहणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. त्या दिवशी विहिरीला नारळ फुटे. त्या दिवसापासून पोर पोहणारी.

"उद्या सोडू," नाना म्हणाले होते.

तो उद्या उजाडलाच नाही. नानांच्या थोरल्या बहिणीनं, आत्याबाईंनी, फर्मान काढलं, की पोरगी आता मोठी झाली, विहिरीवर जायचं नाही. नाना मान खाली घालून बसले. भोपळ्यात घेवड्याचं बी भरून तो आढ्याला टांगला गेला, आणि द्वारका त्याच्या खालून झाडत, सारवत, भाकरी थापत लग्नाची झाली. सगळ्या जन्मात तिनं पुष्कळ काही निभावलं, पण पाठीवरची ती गाठ राहिली ती राहिलीच. कुणी विचारलं, पोहता येतं का, तर तिला धड हो म्हणता येत नसे आणि धड नाही म्हणता येत नसे. याचं तिला फार वाईट वाटे.

आज सकाळी तिनं पेला खाली ठेवला. "मला पाण्यात जायचंय," ती म्हणाली.

केतकीनं आईकडे पाहिलं, आणि स्वतःचा सैल सदरा आणि पिवळं तरंगतं जाकीट काढून दिलं. जाकिटाला प्लास्टिकचे खटके होते. मुरलीधरनं ते दाबून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो खटका कशाचा टिकतोय," तो म्हणाला. तंबूची उरलेली दोरी त्यानं जाकिटावरून बायकोच्या कमरेभोवती फिरवली आणि पाठीवर अशी निरगाठ मारली, की ब्रह्मदेवालाही दात लावावे लागले असते.

मग ती उतरली. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. हिमशिखरांचं वितळलेलं पाणी ते, हाडांपर्यंत पोचलं. श्वास अडकला, दात वाजले. पण हातांनी आपणहून पाणी कापलं, पायांनी आपणहून पाणी मारलं, आणि द्वारका तरंगली. केतकी छोटी होडी वल्हवत तिच्या बाजूनं निघाली.

थोडं जाऊन द्वारका थांबली आणि उथळ पाण्याकडे परतली. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं काठाकडे पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "गाठ सोडा."

"येडी झालीस का काय?"

"आई, माझ्याकडे चाकू आहे," केतकी होडीतून म्हणाली. "कापून देते."

"कापायची न्हाई. ज्यानं बांधली त्यानं सोडायची." ती नवऱ्याकडेच बघत होती. "नानांनी सोडली न्हाई. तुम्ही तरी सोडा."

आता मुरलीधरची गंमत अशी, की जन्म कृष्णाकाठी गेला तरी हा माणूस घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करणारा. पाणी घोट्याच्या वर गेलं की त्याचा जीव वर. तो काठावर घुटमळला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मग उलगडला. सरोवराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिनं आपल्याकडे स्वतःसाठी काही मागितलंय का, हे तो आठवून बघत होता, आणि त्याला काही आठवेना.

तो उतरला. गोट्यांवरून सरकत, पुटपुटत, कुडकुडत, हात दोन्हीकडे पसरून तो तिच्यापर्यंत पोचला. ओली निरगाठ गार बोटांना दाद देईना. त्यानं नखं लावली. त्यानं दात लावले. जी गाठ कधी सुटली नव्हती, ती त्यानं स्वतःच्या हातानं पीळ पीळ करून सोडवली. मग खटके दाबले, आणि जाकीट तिच्या खांद्यांवरून उतरवून घेतलं.

"जा," तो म्हणाला. "मागं बघू नगंस."

ती निघाली.

पाठ उघडी पडली. पाठ हलकी झाली. पाठीला सवय होती आधाराची. आधार नाही म्हणताच देह खाली गेला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि निळ्याहिरव्या अंधारात तिला वाटलं, संपलं. केतकीचं वल्हं पुढे आलं. द्वारकानं ते पाहिलं, आणि त्याला हात लावला नाही.

कारण हात कामाला लागले होते. सारवणारे हात, थापणारे हात, ओढणारे हात. पाण्याला मागं सारत, मागं सारत ती वर आली, आणि वर आली ती उजेडातच. सूर्य डोंगरावर आला होता. धुकं फाटलं होतं. थेंबाथेंबावर, जटाजटांवर, सगळ्या सरोवरभर सोनं सांडलं होतं आणि त्या सोन्यातून द्वारका चालली होती, हातामागून हात, श्वासामागून श्वास. तिला अतोनात आनंद झाला होता. तिनं मागं पाहिलं नाही.

तराफ्याचं लाकूड हाताला लागलं. ओलं, खरबरीत, खरं. शिडीला धरून ती वर चढली, केसांतून पाणी निथळत उभी राहिली, आणि आता रीत पुरी झाली म्हणून मग वळली.

दूर काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात मुरलीधर उभा होता, आणि आपण पाण्यात उभे आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. दोन्ही हात वर करून तो नुसता हसत होता. त्याच्या हातून सुटलेलं पिवळं जाकीट बाजूच्या लाटेवर डुलत होतं, सुकल्या भोपळ्यासारखं, हलकं, रिकामं, कुणाच्याही पाठीला न बांधलेलं.