गोल कोपरे

"ही पट्टी आमची नाही," सिस्टर म्हणाली आणि चिमट्यानं पट्टीचा कडेचा भाग उचलून थांबली.

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या शिवणवाल्या बाईनं नजर चादरीकडे वळवली. नवऱ्याच्या मानेच्या नसेत घातलेल्या नळीची दोन तोंडं छातीवर बाहेर आली होती. त्या नळीतूनच रक्त डायलिसिसच्या मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत यायचं. दुसऱ्या बाजूची नस केव्हाच बंद पडली होती आणि हातावर ऑपरेशन करून जोडलेली नस अजून सुईला तयार नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी लागू देऊ नका. जंतू शिरले तर नळी काढावी लागेल, आणि दुसरी घालायला जागा मिळेलच असं नाही.

आणि परवा त्याचे केस धुताना तिच्याच हातून पाणी सांडलं होतं. तो खुर्चीतच घोरायला लागल्यावर तिनं ओली पट्टी हळूच सोलली आणि पांढरं सुती कापड कडक इस्त्री करून तिथं चिकटवलं. इस्त्रीखाली जंतू काय जगतात, हा तिचा हिशेब. पण चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून ती येता-जाता त्याच्या कपाळाला हात लावत होती.

"मी काय इस्त्री आहे, तापली का बघायला?" तो वैतागायचा.

"कुणी बदलली ही?" सिस्टरनं विचारलं.

"मीच," नवरा म्हणाला. "आंघोळीत भिजली. हिला सांगितलं नाही, उगाच डोकं खाल्लं असतं."

ती बघतच राहिली. जन्मात कधी शर्टाचं तुटलेलं बटण न शिवलेला माणूस!

सिस्टरनं कापड ट्रेमध्ये ठेवलं. टोकं उचकटू नयेत म्हणून त्याचे चारही कोपरे सुबक गोल कापलेले होते. सिस्टरनं ते पाहिले, मग बाईकडे पाहिलं. नळीभोवतीची कातडी लाल झाली होती.

"काका, थंडी वाजते का?"

"छे!"

पांघरुणाखाली त्याचे गुडघे हलत होते आणि तो ते दाबून धरत होता. नळी गेली तर काय, ही भीती दोघांचीही होती. गप्प बसलं तर आजचा दिवस निभावून जाईल, असं तिला वाटलं.

"मी बदलली," ती म्हणाली. "पाणीही माझ्याच हातून सांडलं. आणि सकाळपासून यांना हुडहुडी भरतेय. दोन स्वेटर घालून आलेत."

"गप्प बस गं," तो पुटपुटला.

"बरं झालं सांगितलंत." सिस्टरनं मशीन बंदच ठेवलं. "डॉक्टरांना बोलावते. नळीतलं रक्त तपासू, मग ते ठरवतील काढायची का."

सिस्टर गेल्यावर बाई नवऱ्याजवळ वाकली.

"तुम्ही तर घोरत होतात."

"तुझे हात केवढे थरथरत होते," तो डोळे मिटूनच म्हणाला. "हातात कात्री. म्हटलं, मी जागा आहे हे कळलं तर दचकशील."

मग त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला.

"आता माझे थरथरतायत. धर."