ठमाबाईच्या तिसऱ्या आणि माझं पाणी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा, मग बोलू. मी एक जुनी टाकी आहे, उरणच्या बाजूच्या एका कसब्यातल्या सांडपाण्याची. तुम्ही कशाला आलात? माझी गोष्ट ऐकायला, की वास येतो का ते बघायला? मला विचाराल तर दुसरंच खरं असणार.

मला बांधलं ते एकोणीसशे तीसच्या आसपास. चुना, घडीव दगड आणि पाथरवटांच्या शिव्या यांतून मी उभी राहिले. त्याआधी गावची गटारं थेट खाडीत पडत. माझ्यात गाळ खाली बसे, मग पाणी खडीच्या थरातून झिरपे. त्या खडीवर एक बुळबुळीत साय धरते, तीच घाण खाऊन टाकते. निवळलेलं पाणी मोरीतून खाडीला मिळे. पहिल्या दिवशी मला हार घातले, पेढे वाटले. मला तेव्हाच शंका आली. एवढं कौतुक करणारी माणसं पुन्हा फिरकत नाहीत. तसंच झालं. राखणीला एकटा कोंडाजी उरला. तो खडी खालवर करी आणि माझ्यावर नजर ठेवी. मीही त्याच्यावर ठेवत असे.

माझ्या मोरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या चिखलात, ठमाबाई कोळीण तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायची. सासरा अंथरुणाला खिळलेला. घरची चूल तिच्या पाटीवर पेटायची. एका वर्षी बाजारात आवई उठली, की टाकीचं पाणी लागून खाडीतल्या तिसऱ्या विषारी झाल्या. कुणी तिच्या पाटीला हात लावीना. ती तरातरा माझ्याकडे आली.

कोळणी तिसऱ्या शिजवण्याआधी पाण्यात ठेवतात. तिसरी जिवंत असली की शिंपला उघडते आणि वाळू थुंकते. ठमाबाईने माझ्या मोरीचं पाणी बादलीत घेतलं, त्यात तिसऱ्या टाकल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एकीनेही तोंड उघडलं नाही.

"बघ रं कोंडाजी! गपगार मेल्यात! तुजी टाकी नाय, काळ हाय काळ!"

"अगो बाय, मी तं रोज याच पान्यात हात घालतंय."

"तुजा हात कोन खातंय?"

बातमी म्युनिसिपालटीत गेली. ठरलं, की टाकी बुजवायची आणि गटार पुन्हा सरळ खाडीत सोडायचं. दुसऱ्या सकाळी फावडी घेऊन माणसं आलीसुद्धा. मनात म्हटलं, बुजवा मला, मग बघा खाडीचं काय होतं ते! खोटं कशाला बोलू, मी पुरती घाबरले होते.

ठमाबाई कालपासून माझ्यापाशीच राहिलेली आपली बादली न्यायला आली होती. मेलेल्या समजून तिने तिसऱ्या भरतीच्या खाऱ्या डबक्यात ओतल्या आणि बादली विसळू लागली. विसळता विसळता तिचा हात थांबला. डबक्यात तिसऱ्या एकेक करून तोंड उघडत होत्या! खाऱ्या पाण्यातली तिसरी अळणी पाण्यात मिटून बसते, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. संतापाच्या भरात ठमाबाईला तेवढंही सुचलं नव्हतं.

माझा संशय लगेच जागा झाला. ही आता गप्प बसणार. चारचौघांत आपलं नाक कोण कापून घेतं?

ती तडक मिठागरात गेली, ओच्यात मीठ घेऊन आली. माझं पाणी तिने खाडीइतकं खारं केलं, पुन्हा तिसऱ्या टाकल्या आणि फावडेवाल्यांच्या वाटेत बसकण मारली.

"थांबा रं! चूक माजी हाय. मी मीठ घालाया इसरले. टाकीला हात लावाल तं आधी मना गाडा!"

सगळे बादलीभोवती वाकले. बराच वेळ काही होईना. फावडेवाल्यांबरोबर आलेले म्युनिसिपालटीचे ओव्हरसियरसाहेब घड्याळ बघू लागले. मग एका तिसरीने तोंड उघडलं. मग दुसरीने. ठमाबाई हसता हसता रडायला लागली. माझ्यासाठी कुणी असं आडवं बसेल, असा संशय मला स्वप्नातही आला नव्हता.

फावडी परत गेली. माझा स्वभाव मात्र गेला नाही. तुमच्या गटारातून चिंध्या, राख, नारळाच्या शेंड्या येतात, खडी तुंबते, तेव्हा मी आजही विचारते, ही माणसं माझ्यावर उठलीत की खाडीवर? मित्रांनो, मला हार नकोत. माझी खडी साफ ठेवा. आणि शंका आलीच तर बेलाशक या, बादली घेऊन या. फक्त आधी मीठ घाला, आणि तिसरीला तोंड उघडायला जरा वेळ द्या.