आतून कडी असलेली पेटी

मी एक जुनी शवपेटी आहे, पण माझ्यात आजवर एकही मृत माणूस निजलेला नाही. हेच माझं दुखणं.

मित्रांनो, एकाच झाडाच्या फळ्यांतून सुताराने आम्हा दोघी बहिणींना घडवलं. रंधा एक, हात एक, नशीब तेवढं वेगळं. थोरलीला त्याने साधंच ठेवलं. मला हवेसाठी भोकं पाडली, आतून कडी बसवली आणि म्हणाला, "तू नाटकात जा बाई. तुझ्यातला माणूस रोज उठायचा आहे."

नाटकात एक नट व्हॅम्पायर व्हायचा. पांढराफटक चेहरा, ओठ लालभडक. तो माझ्यातून उठला की प्रेक्षक किंचाळायचे. टाळ्या त्याला, धूळ मला.

तरीही मी निभावून नेत होते. पण एके दिवशी नटाची आई देवाघरी गेली आणि तिच्यासाठी थोरलीला आणलं. अंत्ययात्रा नाट्यगृहाच्या मागल्या दारावरून गेली, तेव्हा तिथे पडल्या पडल्या मी पाहिलं. थोरलीला माणसांनी खांद्यावर घेतलं होतं. मला तर फरफटत नेत. तिच्यावर फुलं होती, माझ्यावर चहाचे पेले. देव मला क्षमा करो, पण मी बहिणीच्या वाट्याला आलेल्या दुःखावरही जळले.

नटाला एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. बापाबरोबर ती रोज तालमीला यायची. आजी गेल्यापासून मात्र ती डबा उघडायची आणि न खाता तसाच झाकून ठेवायची. पोशाख शिवणाऱ्या मावशींच्या ते ध्यानात आलं.

"अगं, काडी झालीस नुसती! कोणासाठी राखतेस हे?"

"आजीसाठी. उठली की भूक लागेल ना तिला."

मावशींच्या हातातली सुई थांबली. ते ऐकून नट अर्धवट रंगलेल्या तोंडाने धावत आला.

"बाबा, तुम्ही रोज उठता," भिंगरी म्हणाली. "सुतारकाका आजीच्या पेटीला आतून कडी लावायला विसरले. सांगा ना त्यांना!"

तो माझ्या झाकणावर बसला.

"ते विसरले नाहीत, बाळा. कडी व्हॅम्पायरला लागते. व्हॅम्पायर म्हणजे नुसता मेलेला नव्हे. त्याला मरण पचलेलंच नसतं. दुसऱ्याच्या खिडकीत दिवा दिसला की हा जळतो. मला नाही ते यांना का, म्हणून त्यांचं रक्त प्यायला निघतो. कितीही प्यायला तरी तहानलेलाच."

"आणि आजी?"

"आजीला आता भूक नाही, तहान नाही. कोणाचं काही नको तिला."

"माझी आठवणपण नाही?"

"ते मला ठाऊक नाही गं. पण तू जेवलीस म्हणून ती रुसायची नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे."

"म्हणजे ती येणारच नाही?"

"नाही येणार."

तेव्हा भिंगरी रडली. आजी गेल्यानंतर पहिल्यांदाच, अगदी हमसून हमसून. मावशींनी तिला मांडीवर घेतलं आणि डबा उघडून घास भरवला. हुंदके देता देताच ती म्हणाली, "मावशी, यात मीठ कमी आहे." बाप हसला, आणि हसता हसता त्याचाही बांध फुटला.

मी त्याच्याखाली मुकाट पडून होते. थोरली आपल्या माणसाला घेऊन निवांत झाली होती. दुसऱ्याचं पाहून जळणारी, तहानलेली तिथे एकटी मीच होते.

मित्रांनो, आता मला ओल लागली आहे. नाटकाला नवी, हलकी, चकचकीत पेटी आली आहे. ती रंगमंचाकडे निघाली की मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? तरी देवाचं नाव घेऊन तुमच्याकडे एक मागणं मागते. माझी काळजी नका करू. तिच्या बिजागऱ्यांना मात्र नेमाने तेल घालत जा. आत कोणाचा तरी बाप असतो.