माझ्या पाठीतला निळा धागा

मित्रांनो, माझी पाठ बघून हसू नका. मी एक जुनं गोष्टीचं पुस्तक आहे आणि माझ्या पाठीत निळ्या सुताचे अकरा टाके आहेत. ते छापखान्यात पडलेले नाहीत. ते कसे पडले, आणि एकदा नव्हे दोनदा का पडले, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. एरवी आम्हा पुस्तकांचा जन्म दुसऱ्यांच्या गोष्टी सांगण्यातच जातो.

माझ्या पोटात रशियातल्या लोककथांच्या धर्तीवर लिहिलेली एक गोष्ट आहे. बर्फाळ गावातल्या ल्यूबाच्या घरची चूल ऐन थंडीत विझते. विस्तव आणायला ती जंगलातल्या म्हातारीकडे जाते. म्हातारीचं घर कोंबडीच्या पायांवर उभं असतं आणि मनात येईल तेव्हा गर्रकन फिरतं. म्हातारी ल्यूबाला दिवसच्या दिवस सूत कातायला लावते. शेवटी ल्यूबा निखारा घेऊन घरी परतते, खोलीएवढी मोठी चूल पेटवते आणि तिच्या उबदार माथ्यावर झोपी जाते. ‘त्या वाटेला ती पुन्हा कधी गेली नाही’ हे माझं शेवटचं वाक्य. दर पानावर एक चित्र, खाली चार ओळी. तेव्हा मी देखणा होतो, आणि थोडा गर्विष्ठही होतो.

छापखान्यातून निघालो तो थेट मानकोलीच्या एका गोदामात येऊन पडलो. शेजारी मिक्सरची खोकी होती. ती यायची आणि आठवड्याभरात ट्रकात चढून निघून जायची. मी मात्र दोन वर्षं तिथेच. वाचणारं कोणी नसलं की आपण नुसता कागद असतो, हे मला तिथे कळलं.

मग भिवंडीत, कामतघरच्या एका मराठी शाळेत माझी रवानगी झाली. पहिली काही वर्षं सुखाची गेली. चुलीवर माणसं झोपतात तर भाजत कशी नाहीत, यावरून मुलं हातघाईवर यायची. पुढे कपाटाला कुलूप लागलं आणि माझ्याकडे फक्त उंदीर फिरकू लागले. त्यांना गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी माझ्या पानांचे खालचे कोपरे तेवढे कुरतडले, आणि पानांचे आकडे नेमके तिथेच छापलेले होते.

गेल्या वर्षी मेघाली बाई शाळेत आल्या आणि त्यांनी ते कपाट उघडलं. मला पुसून, वाचून त्यांनी पाचवीच्या वर्गात आणलं. नियमही घातला. पुस्तक घरी न्यायचं, शनिवारी परत आणायचं, मग सगळ्यांनी मिळून वाचायचं आणि त्यावर बोलायचं. जो पुस्तक फाडेल त्याला वर्षभर दुसरं पुस्तक मिळणार नाही. नियम माझ्या भल्यासाठीच होता, म्हणून मीही मनातून खूश झालो.

मला घरी नेलं करिष्माने. वर्गात कधी हात वर न करणारी, पण पुस्तक हातात आलं की बाकावरून न हलणारी मुलगी. शाळा सुटली की ती आई काम करते त्या कारखान्यात जाऊन बसायची. तिची आई चंद्रा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कांड्यांवर सूत भरायची. सूत गुंडाळलेल्या शंकूसारख्या कोनांशेजारी गोणपाटावर बसून करिष्मा मला वाचत होती. सहाव्या पानावर आली आणि माझ्या पाठीचा वर्षानुवर्षांचा सुकलेला गोंद सुटला. माझी सगळी पानं भुरुभुरु खाली पडली आणि जमिनीवरच्या कापसाच्या कचऱ्यात विखुरली.

पोरगी पांढरीफटक पडली. तिने मला फाडलं नव्हतं, मित्रांनो. म्हातारपणाने मीच फाटलो होतो. पण हे बाईंना सांगणार कोण?

“आता मला पुस्तकच न्हाय मिळणार, आये,” ती रडत म्हणाली. “पूर्ण वर्ष!”

“रडतेस कशाला? रोज सुताच्या शंभर तारा तुटतात हितं, त्या जोडतोच ना आपण?” चंद्रा म्हणाली. “जा, बाटली भरून आण. तोवर बघते मी.”

करिष्मा पाण्याच्या रांगेत उभी राहिली तेवढ्या वेळात चंद्राने माझी पानं झटकली आणि एकेक करून नीट लावली. मग दाभणाने भोकं पाडली आणि निळं सूत दुहेरी करून मला शिवलं. शेवटी तुटलेली तार जोडताना मारतात तशी बारीक, चपटी गाठ मारली. हात फिरवला तरी लागणार नाही अशी. करिष्मा आली तेव्हा मी तयार होतो. तिला एवढा आनंद झाला की तिने मला उघडूनही पाहिलं नाही. फाटेन म्हणून भीतीने दप्तरातच ठेवलं.

एक गोष्ट मात्र तेव्हा फक्त मला ठाऊक होती. चंद्राला वाचता येत नव्हतं, आकडे उंदरांनी खाल्ले होते, आणि तिने पानं लावली होती चित्रं बघून.

शनिवारी वर्गातला सागर मला मोठ्याने वाचू लागला. ल्यूबा जंगलात गेली. सूत कातलं. निखारा घेऊन घरी आली, चुलीवर झोपली. पान उलटलं, तर ल्यूबा पुन्हा जंगलात! पुन्हा म्हातारी, पुन्हा सूत. रागाने माझा नुसता जळफळाट झाला. माझी एवढी सुरेख गोष्ट, आणि तिचं हे काय करून ठेवलं! आता कोणीतरी नक्की ओरडेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. कोणी ओरडलं नाही. मुलं मान डोलावून ऐकत होती.

बाईंच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ल्यूबा घरी आली होती ना? मग परत का गेली?”

“शिफ्ट सुटली म्हणून आली, बाई,” मागच्या बाकावरचा दीपेश म्हणाला. “मग दुसऱ्या दिवशी ड्युटी हाय ना.”

“पण इथे लिहिलंय, ती पुन्हा कधी गेली नाही,” सागरने ओळीवर बोट ठेवलं. “आणि पुढच्याच पानावर गेली!”

“माझा बाप पन रोज तेच बोलतो,” दीपेश म्हणाला. “आता त्या शेठकडं पाय न्हाय ठेवनार. सकाळी डबा घेऊन जातोच.”

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यांनी मला हातात घेऊन माझ्या पाठीवरून बोट फिरवलं.

“गोष्ट अशी नाही. पानं मागेपुढे झाली आहेत,” त्या म्हणाल्या. “हे कोणी शिवलं?”

करिष्माचे कान लाल झाले. ‘मी शिवलं’ म्हणाली असती तर चूक तिच्या एकटीच्या अंगावर आली असती आणि आईचं नाव झाकलं गेलं असतं. पण बाईंनी गाठीवर नख टेकवलं आणि म्हटलं, “गाठ काय सुंदर आहे! मला सात जन्मांत जमणार नाही.” तेव्हा ती उठली.

“माझ्या आईने,” ती म्हणाली. “पुस्तक सुटलं माझ्याकडून. आईने शिवलं. तिला वाचता येत न्हाय, बाई.”

कोणी हसलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं. कोणी हसलं नाही.

“नियम माझा चुकला,” बाई सावकाश म्हणाल्या. “पुस्तक फाटलं तर सांगायचं, हा नियम हवा होता. मी लपवायला लावणारा नियम केला.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाईंनी चंद्राला शाळेत बोलावलं, मुलांनाही यायला सांगितलं. ती दारातच थबकली. “माझं काय काम शाळेत? चुकलं असंल तर माफ करा.”

“चुकलं नाही, चंद्राताई. अर्धं काम राहिलंय,” बाई म्हणाल्या. “गाठ तुमचीच हवी.”

जुने टाके उसवले गेले. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? मग करिष्मा एकेक पान मोठ्याने वाचून आईच्या हाती देऊ लागली आणि ऐकलं की चंद्रा ते आधीच्या पानाखाली सरकवू लागली. बाईंनी कुरतडलेल्या कोपऱ्यांना पांढऱ्या कागदाची ठिगळं लावली होती. त्यांवर करिष्मा आकडे घालत होती. शेवटचं पान वाचून झालं आणि चंद्राचा हात हवेतच थांबला.

“परत न्हाय गेली?”

“न्हाय, आये. संपली गोष्ट.”

“बरं झालं,” चंद्रा म्हणाली. मग तिने विचारलं, “मग म्हातारीचं सूत आता कोण काततं?”

दोनचार मुलं हसली. माझ्या चोवीस पानांत याचं उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी ही गोष्ट पोटात घेऊन फिरलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि तिच्या हातून पानं उलटी लागली असं मी समजत होतो! घरी यायचं आणि पुन्हा कामाला जायचं, ही तिला ठाऊक असलेली गोष्ट; पानं तिने तशीच लावली होती. माझा गर्व त्या दिवशी उतरला.

शेवटची गाठ मारून झाल्यावर करिष्माने आईच्या हातात पेन दिलं. “शेवटचा आकडा तू काढ.” तिने बाकावर खडूने चोवीस लिहून दाखवलं. चंद्राने पदराला हात पुसले आणि ते बघून बघून, ओठ दाबून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे कांड्या भरायला गेली.

मित्रांनो, आम्ही पुस्तकं फाटतो. जुनी झालो की फाटणारच. तेव्हा आम्हाला दप्तराच्या तळाशी लपवू नका, रद्दीतही टाकू नका. सांगा, कोणाला तरी दाखवा. शिवणारे हात तुमच्याच घरात असतात. आणि मी कधी तुमच्या हातात आलो तर शेवटच्या पानापर्यंत नक्की या. ‘त्या वाटेला ती पुन्हा कधी गेली नाही’ या ओळीच्या खाली, कोपऱ्यात, एक वाकडातिकडा चोवीस आहे. चंद्राने आयुष्यात लिहिलेला तो पहिला आकडा. तेवढं पान जपून उलटा.