शिडाच्या कापडाचा मान

साताऱ्याची दौलत अजून टिकून होती, म्हणजे नकाशावर होती. इंग्रजांना किनाऱ्यावर पाय रोवू न देणाऱ्या आणि मस्कतपासून मलाक्क्यापर्यंत झेंडे लावणाऱ्या या दौलतीकडे आता समुद्रापारचं एकच बेट उरलं होतं, तेही वेढ्यात सापडलेलं. बंदरं गेली, ऐट तेवढी शिल्लक. ते बेट सोडवायला शेवटचं आरमार निघणार होतं: भंगारात जायची जहाजं आणि त्यांत चाकणला बनलेली बसची इंजिनं. ती समुद्रात किती तग धरतील हे चाकणच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मोशीच्या कामगार चाळीतल्या उत्कर्षाला दौलतीचं सोयरसुतक नव्हतं. तिचं दुखणं समोरच्या दारावर लटकत होतं. इंजिनं सांभाळायला मोहिमेवर निवड झालेल्या कामगारानं आपल्या चौकटीला शिडाच्या कापडाची पट्टी बांधायची, आणि परतल्यावर त्यानंच ती सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. त्या घरच्या बाईला टँकरचा पहिला हंडा आणि हळदीकुंकवाचं पहिलं बोट. समोरचा जयसिंग निवडला गेला, आणि काल-परवापर्यंत रांगेत धक्के खाणारी त्याची बायको दीपमाला आता सावकाश, पदर सावरत यायची. बायका वाट करून देत. उत्कर्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिचा नवरा प्रीतम चाकणच्या इंजिन कारखान्यात जयसिंगच्याच लाइनवर फिटर होता, आणि तिच्या मते त्याच्याहून सरस. पण त्यानं नाव दिलं नव्हतं. आपली शिफ्ट बरी, बुडायला कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. उत्कर्षानं त्याच्याशी अबोला धरला. तो सुटावा म्हणून त्यानं एकदा जेवताना मनातलं सांगितलं: जयसिंगला उन्हाळ्यात चक्कर येते, लाइनवर एकदा कोसळलाही होता, मीच सावरून घेतलं. कुणाला बोलू नकोस, भावासारखा आहे.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा नानासाहेबांच्या घरी गेली. मोहिमेसाठी माणसं तेच निवडत. आवाजात काळजी आणून ती म्हणाली, "चक्कर येणाऱ्या माणसाला दर्यावर धाडणं बरं न्हाई. आमचे हे हायेत की. हातही चांगला हाय."

आठवड्याच्या आत जयसिंगनं खाली मान घालून आपल्या दारावरची पट्टी सोडली. प्रीतमच्या नावानं हुकूम आला, आणि हुकमाला नाही म्हणायची सोय नव्हती. चौकटीला गाठ मारताना तो बायकोकडे न बघता म्हणाला, "ही गोष्ट फक्त तुला ठाऊक होती." समोर दीपमाला दार लावून रडत होती, आणि उत्कर्षाला ते रडणं कानाला गोड लागलं. टँकरच्या पहिल्या हंड्याचा चहा तर अमृतासारखा.

आरमार गेलं. मग बातमीच नाही. आरमार मार्गावर आहे, असं दरबार पहिल्या महिन्यात म्हणाला, आणि वर्ष उलटलं तरी तेच म्हणत राहिला. चाकणला जे समजायचं ते समजलं. पट्टी उन्हापावसानं विरली, पण सोडणार कोण? बायका उत्कर्षाला अजून वाट देत, फक्त आता तिच्या तोंडाकडे बघत नसत.

रोज दुपारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबे, जयसिंग उतरे आणि लांबूनच बायकोला हाक मारी. उत्कर्षा दारातून बघत राही. तेव्हा एका चिंधीसाठी जळली होती, आता एका हाकेसाठी जळत होती.

संक्रांतीला दीपमालानं रीतीप्रमाणे पहिलं कुंकू तिला लावलं आणि हळूच म्हणाली, "ह्यांच्या चकरेचं नानासाहेबांना कुणी सांगितलं, कळलं न्हाई. तवा लई शिव्या दिल्या मी त्याला. आता रोज देवापुढं म्हणते, त्याचं भलं कर. माझ्या लेकरांचा बाप ठेवला त्यानं."



बाहेर टँकर आला. बायका हंडे घेऊन जमल्या, पण नळी कुणी धरेना. पहिला हंडा उत्कर्षाचा होता. तिला उठावंच लागलं.